रोज दोन गोळ्या

"गोळ्यांची डबी द्या," मी म्हणाले.

पंचफुला गावंडेनं कापडी पिशवीतून प्लास्टिकची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. मी झाकण उघडून गोळ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओतल्या आणि एकेक करून बाजूला सारत मोजल्या. बारा भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा बाराच.

पलीकडच्या खाटेवर तिची मुलगी आचल झोपली होती. सहा वर्षांची. अंगात एकशेतीन ताप होता आणि तोंडात इतके फोड आले होते, की तिला स्वतःची लाळही गिळता येत नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिथं किमान चार हजार असायला हव्यात, तिथं त्या चारशे होत्या. अशा मुलाला साधा सर्दीचा जंतूही पुरतो.

नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात, लहान मुलांच्या कॅन्सरच्या विभागात मी तेव्हा शिकत होते. दोन हजार पंधरा सालची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते, पुण्याहून आले होते आणि स्वतःबद्दल माझं मत चांगलं होतं.

आचलला रक्ताचा कॅन्सर होता. सलाइनमधून द्यायच्या जड औषधांचे पहिले काही महिने तिनं धीरानं काढले होते आणि आजार आटोक्यात आला होता. पुढची दोन वर्षं घरी राहून रोज एक साधी गोळी घ्यायची होती. तिच्या वजनाच्या मानानं हिशेब असा बसला होता, की एक दिवस पूर्ण गोळी, दुसऱ्या दिवशी अर्धी. मी स्वतः पंचफुलाला तीस गोळ्या दिल्या होत्या आणि समजावून सांगितलं होतं. वीस दिवसांनी ती तापानं फणफणलेली मुलगी घेऊन परत आली होती. वीस दिवसांत पंधरा गोळ्या लागायला हव्या होत्या. उरायला हव्या होत्या पंधरा, आणि उरल्या होत्या बारा.

"तीन गोळ्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

ती म्हणाली, दोन गोळ्यांचा चुरा झाला. ब्लेडनं अर्धी करायला गेलं की तुटते. तो चुरा कमी-जास्त जाईल म्हणून तिनं टाकून दिला. एक आचलनं ओकली, म्हणून दुसरी द्यावी लागली.

"मी मोजूनच देतो मॅडम," ती म्हणाली. त्या भागातल्या बायका 'देतो', 'जातो' असंच म्हणतात. मला त्याची अजून सवय झाली नव्हती. "शायेत साठ लेकरायची खिचडी मीच शिजवतो. तांदूय मोजून, डाय मोजून. माह्यी चूक नाही होत."

कारंज्याजवळच्या त्यांच्या गावात ती शाळेचा पोषण आहार शिजवायची. नवरा विलास शिवणकाम करायचा. मी म्हणाले, खिचडी आणि हे औषध यांत फरक आहे. मग तिनं आचलच्या डोक्यावरचा रुमाल हळूच बाजूला केला. डोक्यावर एकही केस नव्हता. ती म्हणाली, जड औषधं थांबल्यावर बोटभर केस आले होते, ते या एका आठवड्यात सगळे गेले, असं का झालं?

या गोळीनं सहसा केस जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. मी तिला म्हणाले, "औषधांनी केस जातातच." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मी तिच्यावर विश्वास का ठेवला नाही, याला एक कारण होतं. महिन्याभरापूर्वी असाच पेशी खाली गेलेला एक मुलगा आला होता आणि आठवड्यातून एकदा द्यायची गोळी त्या मुलाचे वडील रोज देत होते, हे मी शोधून काढलं होतं. विभागाच्या बैठकीत आमचे प्रमुख डॉ. मुळावकर सर्वांसमोर म्हणाले होते, आजाराचा इतिहास कसा विचारून घ्यावा हे हिच्याकडून शिका. ते वाक्य मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं होतं. तेव्हापासून कुठल्याही मुलाच्या पेशी खाली गेल्या, की मी आधी आई-बापांच्या डोळ्यांत बघायचे.

दोन दिवस गेले. आचलचा ताप उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा रक्तदाब खाली जायला लागला. कारंज्याहून विलास आला, त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण निर्मलाबाईही आल्या. मला घाई झाली होती. सर दुपारी राउंडला येणार होते आणि मला त्यांच्यापुढे कारण ठेवायचं होतं.

मी तिघांना वॉर्डाला लागून असलेल्या नर्सच्या खोलीत बोलावलं. विलासला आणि निर्मलाबाईंना खुर्च्या दिल्या. तिसरी खुर्ची नव्हती, पंचफुला उभीच राहिली. मी फाइल उघडली आणि म्हणाले, की घरी गोळ्या जास्त दिल्या गेल्या आहेत, त्याशिवाय असं होत नाही. पंचफुलानं पुन्हा तेच सांगितलं, चुरा झाला, ओकली. निर्मलाबाई म्हणाल्या, ती तशी धांदरट नाही हो. हे मला आज आठवतं. त्या वेळी कानावर येऊनही मी ते सोडून दिलं.

"हे बघा," मी पंचफुलाला म्हणाले, "मी तुम्हाला शिक्षा करायला बसलेली नाही. पण किती औषध पोटात गेलं हे कळल्याशिवाय पुढचे उपचार ठरवता येत नाहीत. तुम्ही खरं सांगितलंत तर मुलगी वाचेल. नाही सांगितलंत तर मी काही करू शकत नाही."

हे खरं नव्हतं. औषध किती गेलं हे कळलं असतं किंवा नसतं, उपचार तेच होते आणि ते चालूही होते. हे वाक्य लोकांना बोलतं करतं, एवढंच मला माहीत होतं.

पंचफुलानं नवऱ्याकडे पाहिलं. मग काचेतून पलीकडे, आचलच्या खाटेकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "देल्ली जास्त."

"किती?"

"तुमी म्हणता तेवढी."

"रोज दोन?"

"हो."

मी लिहिलं : 'आईने रोज दोन गोळ्या दिल्याचे कबूल केले आहे.' खाली तिची सही घेतली. तिला लिहिता येत होतं. तिनं सावकाश, रेघ सोडून न जाता नाव लिहिलं. विलासनं टेबलावरची गोळ्यांची डबी उचलून आपल्या खिशात घातली आणि बाहेर गेला.

दुपारी सरांनी फाइल वाचली. त्यांनी विचारलं, की मुलगी बरी झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करताना डोस निम्मा करून पाहायचा का. मी म्हणाले, गरज नाही सर, कारण कळलंय, आईनं कबूल केलंय. सरांना त्या दिवशी दिल्लीला जायचं होतं. ते म्हणाले, ठीक आहे.

बारा दिवसांत आचल बरी झाली. जाताना मी गोळ्या निर्मलाबाईंच्या हातात दिल्या, डोस तोच ठेवला आणि त्यांना बजावलं, की औषध तुम्हीच द्यायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पंचफुला दारात पिशव्या घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं.

अठरा दिवसांनी आचल पुन्हा आली. या वेळी तिला विलासनं दोन्ही हातांवर उचलून आणलं. पेशी दोनशे होत्या. फुप्फुसात जंतुसंसर्ग पसरला होता आणि ती हाकेला ओ देत नव्हती. मागून निर्मलाबाई आल्या. त्यांनी एक वही आणि डबी माझ्यापुढे ठेवली. वहीत रोजची तारीख, वेळ, एक की अर्धी, सगळं लिहिलेलं होतं. डबीत जितक्या असायला हव्या तितक्याच गोळ्या होत्या. एकही कमी नाही, जास्त नाही.

"आता तर ताई देत होती, मॅडम," विलास म्हणाला.

मी विचारलं, आचलची आई कुठे आहे. तो दुसरीकडे बघत म्हणाला, तिला माहेरी पाठवली. निर्मलाबाईंनी बाकीचं सांगितलं. पहिल्या वेळी इथून गेल्यावर गावात बातमी पसरली होती, की आईनंच पोरीला औषध जास्त चारलं, डॉक्टरीणबाईंसमोर सही करून कबूल केलं. चार पालक शाळेत गेले. जिला एका पोरीच्या गोळ्या मोजता येत नाहीत, तिच्या हातचं आमच्या लेकरांनी खायचं का, असं त्यांनी विचारलं. शाळेच्या समितीनं तिचं काम बंद केलं. घरात विलास तिच्याशी बोलेनासा झाला. औषधाचं कपाट होतं त्या खोलीतही तिनं जाऊ नये, असं ठरलं. मग एक दिवस तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

"आई जाताना पोरगी लय रडली," निर्मलाबाई म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, तू बरी झाली का आणू आईला परत."

त्या दिवशी सरांनी आचलला स्वतः तपासलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. परदेशात गेल्या वर्षी एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं, त्याची प्रत त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. आपल्या पेशींमधला सगळा मजकूर चार अक्षरांनी लिहिलेला असतो. ही गोळी पोटात गेली की तिचं एक खोटं अक्षर बनतं, ते मजकुरात घुसतं आणि पेशी मरते. कॅन्सरची पेशी मारायची तर ते हवंच असतं. पण शरीरात अशी सदोष अक्षरं ओळखून मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, म्हणून चांगल्या पेशी निभावून नेतात. ते एन्झाइम बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्याचं नाव एनयूडीटी-फिफ्टीन. काही माणसांत आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. मग खोटी अक्षरं मोडायला कुणीच नसतं. आपण दिलेली साधी गोळी त्या मुलाला दहापट होऊन लागते. पेशी तळाला जातात. आणि सगळे केस जातात.

आचलच्या रक्ताचा नमुना बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत गेला. अहवाल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आचल दोनदा जाता जाता राहिली. जंतूंवरचं जे जहाल औषध शेवटी द्यावं लागलं, त्यानं ती वाचली, पण ते कानांवर परिणाम करतं. शुद्धीवर आल्यावर ती आत्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत होती. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. तपासणी केल्यावर कळलं, की दोन्ही कानांनी तिला निम्म्याहून कमी ऐकू येत होतं. ते पुढेही परत आलं नाही.

अहवालात दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या.

सरांनी तो कागद मला वाचायला दिला. मग आचलची जुनी फाइल उघडून माझ्याकडे वळवली आणि मी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तू किती गोळ्या दिल्या होत्यास?"

"तीस."

"परत आल्या तेव्हा किती होत्या?"

"बारा."

"वीस दिवस रोज दोन म्हणजे किती?"

चाळीस. तीस गोळ्यांतून वीस दिवस रोज दोन गोळ्या देऊन वर बारा उरवता येत नाहीत. चौथीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब होता. मी स्वतः दोनदा मोजल्या होत्या. फार तर तीन गोळ्या जास्त गेल्या असत्या, आणि वीस दिवसांत तीन गोळ्यांनी ना पेशी चारशेवर येतात ना केस जातात. हे सगळं त्या नर्सच्या खोलीत माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं.

"मीही वाचून सही केली," सर म्हणाले. "माझीही चूक आहे. पण तिला तू बोलायला लावलंस. आता तूच जाऊन तिला सांग. नवऱ्याला नव्हे. तिला."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं मंगरूळपीरला गेले आणि तिथून रिक्षानं तिच्या माहेरच्या गावी. अकराचा सुमार होता. ती भावाच्या घराच्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मला पाहून ती एकदम उठली, मांडीवरचं सूप खाली पडलं. मी का आले असेन, याचा तिनं एकच अर्थ लावला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आचल बरी आहे," मी घाईनं म्हणाले. "बोलते आहे. दूध पिते आहे."

ती खाली बसली. थोड्या वेळानं तिनं सांडलेली ज्वारी पुन्हा सुपात भरायला सुरुवात केली. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. जनुक, एन्झाइम, खोटी अक्षरं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. म्हणाले, की हा दोष जन्मापासूनचा आहे, अर्धा तुमच्याकडून आला, अर्धा विलासरावांकडून, आणि तुम्हा दोघांना त्याचा कधीच काही त्रास झाला नसता. आता आचलला आठवड्यातून एकदाच अर्धी गोळी द्यायची. कानांचंही सांगितलं. ते ऐकताना तिचे हात थांबले, पण ती रडली नाही.

"म्हंजे मी देल्ली ते बरोबर होती," ती म्हणाली.

"हो."

"चुरा टाकला तेई बरोबर."

"हो. तेही बरोबर."

मग मी तिला विचारलं, जे विचारायला नको होतं. कदाचित मला अजूनही दोषातला थोडा वाटा तिच्याकडे द्यायचा होता.

"मग त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला माहीत असायला हवं होतं.

"तुमी म्हटलं ना, खरं सांगसान त पोरगी वाचीन. मी खरं सांगून पाह्यलं, दोन-तीनदा. तुमाले ते चाललं नाही. मंग मले वाटलं, मॅडमले जे पाह्यजे ते म्हणून टाकावं. ते औषध त सुरू करतीन."

मला वाटलं होतं मी तिच्याकडून सत्य काढून घेतलं. तिनं मला मुलीच्या औषधाची किंमत म्हणून खोटं दिलं होतं, आणि मी ते फाइलला लावून निश्चिंत झाले होते. त्याच खोट्याच्या जोरावर मी डोस कमी करू दिला नव्हता.

तिच्या वहिनीनं चहा आणला. पंचफुलानं चहा पिऊन कप खाली ठेवला. मग तिनं एकच गोष्ट मागितली. म्हणाली, गावात, शाळेत येऊन हे एकदा सांगता का? समितीपुढं. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील.

कारंज्याजवळचं त्यांचं गाव माझ्या परतीच्या वाटेवरच होतं. फार तर तासभर जास्त लागला असता. मी म्हणाले, की रुग्णालयातून मला तेवढी सुटी नाही, पण मी पत्र देईन, शिक्क्याचं.

"बरं," ती म्हणाली.

पत्र मी दिलं. आचलला एक दुर्मीळ जनुकीय दोष असून तिच्या प्रकृतीतील बिघाड त्यामुळे झाला आहे, असं त्यात होतं. आईनं दिलेला डोस योग्य होता, हेही लिहिलं. तिच्याकडून ती कबुली कुणी आणि कशी घेतली, याबद्दल एक शब्द नव्हता. पत्राचे चार मसुदे झाले होते. पहिल्या मसुद्यात ते सगळं होतं.

पुढच्या महिन्यात विलास आचलला तपासायला घेऊन आला, तेव्हा पंचफुला बरोबर होती. त्यानंच सांगितलं, की तो तिला आणायला गेला होता. कामाचं विचारल्यावर म्हणाला, पत्र दाखवलं शाळेत. मुख्याध्यापकांनी वाचलं. पण समितीतल्या एकानं विचारलं, हिची चूक नव्हती तर हिनं सही कशी केली? त्याचं उत्तर पत्रात नव्हतं. खिचडीचं काम तोवर दुसऱ्या बाईला मिळालं होतं, ते तिच्याकडेच राहिलं.

आचलचे उपचार दोन वर्षांनी संपले. आठवड्याला अर्ध्या गोळीवर ती छान सुधारली होती, केस खांद्यापर्यंत आले होते, कानांत यंत्रं होती. शेवटच्या तपासणीला घरचे सगळे आले होते. विलास, निर्मलाबाई, पंचफुला. मी तोवर त्याच विभागात नोकरीला लागले होते. मी त्यांना बसायला सांगितलं. या वेळी चार खुर्च्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या. मग मी विलासकडे आणि निर्मलाबाईंकडे बघत म्हणाले, की त्या दिवशी या खरं बोलत होत्या; मुलीचे उपचार अडवेन असं भासवून मी यांच्याकडून खोटं वदवून घेतलं, आणि त्या खोट्यावर तोच डोस पुन्हा दिला. आचलचे कान त्यामुळे गेले.

विलासनं मान खाली घातली. निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आचल आमच्या सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती.

मी पंचफुलाकडे पाहिलं. दोन वर्षं मी या क्षणाची तयारी केली होती आणि तिच्या तोंडी काय काय येईल, याची मनाशी उजळणी केली होती.

"तवाच शायेत येऊन म्हटलं असतं त बरं झालं असतं," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नव्हता. मग तिनं आचलचे कागद गोळा केले, तारखेप्रमाणे लावून पिशवीत ठेवले आणि विचारलं, पुढचं दाखवायला कधी यायचं. मी सांगितलं, सहा महिन्यांनी. तिनं तारीख दोनदा विचारून पक्की करून घेतली.